ताप आला तर उद्या येशील का?

मागच्या आठवड्यातला भाग ज्यांनी एसटीत, अर्ध्या रेंजमध्ये ऐकला आणि "दादा, लिहून पण टाका ना" असा मेसेज केला, त्यांच्यासाठी हे. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे काय की" कमी केलेत.

मी कामरगावचा. वाशीम जिल्हा, कारंजा तालुका. बीटेक अमरावतीला झालं, नोकरी पुण्यात, आणि 2020 पासून महिन्यातले दहा-बारा दिवस गावातूनच काम करतो. माझी काकू आशा आहे. साधारण हजार वस्तीमागे एक आशा असते. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. इंजेक्शन ती देत नाही, ते काम सिस्टरचं, म्हणजे एएनएमचं. आशाचं काम घरोघर जाऊन बायांना, पोरांना लसीकरणाच्या दिवशी सिस्टरपर्यंत आणणं. ऐकायला सोपं वाटतं.

जानेवारीतली गोष्ट आहे. काकू म्हणाली, "भट्टीवर चाललो, येतं का संगं? माहा फोन मधातच बंद पडते." मी गेलो. गावाबाहेर वीटभट्टी आहे, तिथे मेळघाटातून आलेली आठ-नऊ कोरकू कुटुंबं होती. आमच्याकडे हे नवीन नाही. दिवाळीच्या आसपास सोयाबीन सोंगायला, मग कापूस वेचायला, मग भट्टीवर विटा पाडायला मेळघाटातली माणसं उतरतात आणि होळीला काहीही झालं तरी घरी जातात. आपल्या तांड्यांतली, गावांतली माणसं जशी ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जातात, तसंच. आपल्या गावातून कोणी जातं आणि आपल्या गावात कोणी येतं. दोघांची नावं सहसा त्या-त्या ठिकाणच्या रजिस्टरमध्ये नसतात.

तिथे एक बाई होती, माझ्याच वयाची असेल. कडेवर दहा महिन्यांची मुलगी. मुलीचं कार्ड होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, विळा आणि आधारकार्डासोबत ठेवलेलं. जन्माच्या लसी झालेल्या, पेंटाचा पहिला डोस झालेला, पुढे कोरं. काकूने सांगितलं, आज सिस्टर येणार, राहिलेलं देऊन टाकू. बाई नाही म्हणाली. भांडली वगैरे नाही, शांतपणे. "बुखार आता है."

काकू म्हणाली, येतो, एक-दोन दिवस, उतरतो. मग त्या बाईने विचारलं, "आया तो तुम कल आओगी?"

मी तोपर्यंत लसीबद्दल लोक का कचरतात यावर बरंच काही स्क्रोल केलेलं होतं. अफवा, व्हॉट्सॲप, अंधश्रद्धा, शिक्षण कमी, वगैरे. या बाईला त्यातलं काहीच लागू पडत नव्हतं. लस खोटी आहे असं ती म्हणत नव्हती. ती सर्व्हिस सपोर्टबद्दल विचारत होती.

तिचा हिशोब नंतर काकूने उलगडून सांगितला. भट्टीवर जोडीने काम चालतं, नवरा-बायको मिळून. पैसे हजार विटांमागे. हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती विटांमधून फिटते. पोर तापलं की बाई त्याच्याजवळ बसते, म्हणजे जोडी मोडली आणि दिवसाच्या विटा निम्म्याहून कमी. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका भट्टीवर तिच्या मोठ्या मुलाला सुई दिली होती. टीम गाडीने आली, अर्ध्या तासात दहा पोरांना टोचून गेली. कोणती लस, काय होईल, काही बोललं नाही. पोराला ताप आला, मांडीला गाठ झाली, पुढे त्यात पू झाला. टीमचा पत्ता नाही. मग खाजगीत नेलं, मुकादमाने 1,800 रुपये दिले आणि उचलीत लिहिले. ते 1,800 रुपये फेडायला किती विटा लागल्या हे तिला पाठ होतं.

आता यातला विज्ञानाचा भाग आधी सांगतो, कारण तो तुम्हालाही घरात कामाला येईल.

पेंटा म्हणजे एकाच सुईत पाच: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब, आणि हिब नावाच्या जंतूपासून होणारा न्यूमोनिया आणि मेंदूज्वर. सरकारी लसीत डांग्या खोकल्याचा जो भाग असतो त्यात मारलेला अख्खा जंतू असतो. शरीराला तो परका वाटतो, ते कामाला लागतं, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत ताप, मांडी लाल, पोर किरकिर. पॅरासिटामॉलने उतरतो. ताप आलाच नाही तरी लस वाया गेली असं नाही. गोवर-रुबेलाची लस वेगळी आहे. त्यात अशक्त केलेला जिवंत विषाणू असतो, तो शरीरात थोडा वाढतो आणि मग शरीर त्याला ओळखतं. त्यामुळे त्याचा ताप किंवा बारीक पुरळ लगेच येत नाही, साधारण पाच ते बारा दिवसांनी येते. कामासाठी फिरणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत याचा अर्थ बघा. सुई एका गावात आणि ताप कदाचित दुसऱ्या गावात. तिथल्या डॉक्टरला माहीतच नाही की पोराला काय दिलं होतं.

म्हणून नियम असा आहे की लस देणाऱ्याने आईला चार गोष्टी सांगायच्याच: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढे कधी यायचं, आणि कार्ड सांभाळून ठेवायचं, येताना आणायचं. त्यानंतर अर्धा तास तिथेच थांबवायचं. बोलायला दोन मिनिटं लागतात. घाईत पहिली कात्री याच दोन मिनिटांना लागते.

आणखी एक गोष्ट, खूप जणांना माहीत नसते. उशीर झाला म्हणजे सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. पेंटाचा एक जरी डोस वर्षाच्या आत झाला असेल तर बाकीचे नंतर पूर्ण करता येतात. गोवर-रुबेला राहिली असेल तर पाच वर्षांपर्यंत देतात. सरकारी लस कुठल्याही गावात फुकट मिळते, त्यासाठी तिथलं रेशनकार्ड किंवा रहिवासी दाखला लागत नाही. गावाकडचं कार्ड हरवलं तर नवीन करून देतात. हे तुमच्या बिल्डिंगखाली बांधकामावर राहणाऱ्या माणसांना सांगा. "आमचं इथलं नाही, आम्हाला देणार नाहीत" हे वाक्य मी पुण्यातही ऐकलंय.

गोवराचीच एवढी काळजी का, तर तो फार पसरतो. आजूबाजूला कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एका रुग्णापासून 12 ते 18 जणांना होऊ शकतो. माणूस खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. त्यामुळे साधारण 95 टक्के मुलांना दोन डोस झाले तरच तो अडतो. राहिलेले पाच-सात टक्के राज्यभर विखुरलेले असते तर कदाचित निभावलं असतं. पण ते विखुरलेले नसतात. भट्टीवर, कोपीवर, साइटवर, झोपडपट्टीच्या एका गल्लीत, असे एका जागी असतात.

2022 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत तेच दिसलं. गोवंडीच्या रफी नगरात 48 तासांच्या आत तीन मुलं गेली आणि तपासणी सुरू झाल्यावर कळलं की गोवर बराच पसरलेला आहे. तो सगळा भाग पोटासाठी बाहेरून आलेल्या माणसांचा. कोविडच्या दोन वर्षांत डोस हुकलेले, कुटुंबं गावी जाऊन-येऊन असलेली, आणि काही घरांमध्ये भीतीही. 2018 च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली तेव्हा "याने पुढे मुलं होत नाहीत" ही अफवा फिरली होती, तिचे अवशेष होते. महापालिकेने मग धर्मगुरूंना सोबत घेतलं, मशिदींमधून सांगितलं गेलं, मुलांना जादा डोस दिले. आजारी मुलांना ठेवलं चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात.

या कस्तुरबाची एक जुनी गोष्ट आहे. या भागासाठी वाचताना सापडली आणि मी दोन दिवस तिथेच अडकलो.

कस्तुरबाचं जुनं नाव आर्थर रोड हॉस्पिटल. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा संशयित माणसांना घरातून उचलून तिथे नेत. 29 ऑक्टोबर 1896 ला सुमारे हजार गिरणी कामगारांनी त्या हॉस्पिटलवर हल्ला केला. कोकणातून, घाटावरून आलेली ही माणसं, खोलीत दहा-बारा जण राहणारी. त्यांनी काय बघितलं होतं? आपल्या खोलीतला माणूस गाडीत घालून नेला आणि परत आला नाही. आत काय करतात ते कोणी सांगत नाही, भेटू देत नाहीत. मग लोकांनी रिकाम्या जागा स्वतःच भरल्या: आत मारतात, कापतात, औषध बनवतात. अफवा तेव्हाही अशाच तयार व्हायच्या, व्हॉट्सॲपचा काही दोष नाही. दीड वर्षाने, 9 मार्च 1898 ला, मदनपुऱ्यात उत्तरेतून येऊन वसलेल्या विणकरांच्या वस्तीत तपासणीचं पथक एका मुलीला न्यायला गेलं आणि तिथे दंगल झाली. मधल्या काळात पुण्यात घरांत सैनिक घुसवणाऱ्या रँडवर 22 जून 1897 ला गोळ्या झाडल्या गेल्या, ते आपण शाळेत वाचलंय.

गंमत म्हणजे त्याच मुंबईत वेगवेगळ्या समाजांनी आपापली प्लेगची हॉस्पिटलं काढली, तिथे लोक तुलनेने सहज जात. औषध काही वेगळं नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा कोणाकडेच प्लेगवर धड औषध नव्हतं. फरक एवढाच की तिथे दारात आपली भाषा बोलणारा माणूस होता आणि आईला मुलापाशी बसता येत होतं. हाफकिनने 10 जानेवारी 1897 ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तेही याच कारणासाठी. आणि त्याच साथीत पुण्याजवळ हडपसरच्या माळावर डॉ. यशवंत फुल्यांनी दवाखाना काढला होता, तिथे सावित्रीबाई रुग्णांना स्वतः आणत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या चालत आल्या, त्यांनाही लागण झाली, 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. एकीकडे पोलिसांसोबत येणारी गाडी, दुसरीकडे पाठीवर पोर घेऊन येणारी बाई. दोन्हीकडे काम एकच होतं, आजाऱ्याला घरातून हलवायचं.

मला वाटतं बाहेरून आलेल्या माणसाचा आणि आरोग्यव्यवस्थेचा पहिला संबंध बहुतेक वेळा संशयाचा असतो. तो रुग्ण नंतर होतो, आधी तो "रोग घेऊन आलेला" असतो.

हे मला पुस्तकातून कळलं असं नाही. 2020 च्या मे महिन्यात मी पुण्याहून गावी आलो तेव्हा मला शाळेच्या एका वर्गात 14 दिवस ठेवलं. नियम होता, बरोबरच होतं, माझी तक्रार नाही. पण ज्या गल्लीत मी वाढलो तिथली माणसं खिडकीतून लांबून बघायची. रोज एक जण यायचा, दारातून विचारायचा, "ताप आहे का?" मी पहिल्या दिवशी खरं सांगितलं की घसा खवखवतोय. त्यावर जी पळापळ झाली ती बघून पुढचे 13 दिवस मी "काही नाही" सांगत राहिलो. शिकलेला मुलगा, बीटेक. माझ्या गावात, माझ्या माणसांशी मी आजार लपवला. मग भट्टीवरची बाई गाडी दिसली की पोर घेऊन मागच्या बाजूला जाते, तर त्यात न समजण्यासारखं काय आहे?

दुसरी गोष्ट सांगायला जास्त अवघड जाते. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वाल्यांना लस सुरू झाली आणि को-विनवर नोंदणी सक्तीची. स्लॉट उघडायचे आणि सेकंदांत संपायचे. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, स्लॉट दिसला की फोन वाजायचा. मित्रांनी कौतुक केलं. एका सकाळी एका खेड्यातल्या केंद्रावर जागा दिसली, दुसऱ्या तालुक्यातलं गाव, नाव नाही सांगत. आम्ही तिघं मोटरसायकलवर गेलो. रांगेत बघतो तर सगळेच बाहेरचे, अमरावती-अकोल्याच्या पासिंगच्या गाड्या. गावातली माणसं पारावर बसून बघत होती. एक म्हातारे म्हणाले, "आमच्या गावात आली, आमाले नाई भेटली. मंग आमच्यासाठी कायले आणली?" मी हसून काहीतरी बोललो आणि टोचून आलो. राज्यात अनेक ठिकाणी हेच झालं. त्या 31 मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीवर सरकारला प्रश्न विचारले, आणि जूनमध्ये थेट केंद्रावर जाऊन लस घ्यायची सोय सगळ्यांना झाली. पण पारावरच्या त्या माणसांनी नंतर लस घ्यायला टाळाटाळ केली असेल तर तिला "अज्ञान" म्हणायचा अधिकार मला उरत नाही.

आणि भरवसा तुटायला कारणंही आहेत, खरी. 31 जानेवारी 2021, पल्स पोलिओचा दिवस. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, पाच वर्षांखालच्या 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं वाचली, कर्मचारी निलंबित झाले. पण काकू सांगते, त्यानंतर कितीतरी महिने आया म्हणायच्या, "बाटली दाखव आधी." काकू दाखवायची. सरळ हातात द्यायची. मला यातली काकूची पद्धत आवडली. तिने कोणाला समजावलं नाही की असं पुन्हा होणार नाही, ती रोज बाटली दाखवत राहिली.

बीडच्या ऊसतोड बायांचं तर याहून मोठं आहे. 2019 मध्ये विधिमंडळात आकडा आला, तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खाजगी रुग्णालयांमध्ये 4,605 गर्भाशयं काढली गेली. नंतरच्या समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. बाई अंगावरून जातं म्हणून, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेली, तिला कॅन्सरची भीती घातली, आणि खाडा परवडत नाही म्हणून तीही तयार झाली. अशा घरातल्या आईला उद्या कोणी सांगितलं की मुलीला पुढे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ नये म्हणून सुई घे, तर तिच्या मनात काय येईल, विचार करा.

मेळघाटातली ही माणसं मग जातात कोणाकडे? भूमकाकडे. भूमका म्हणजे कोरकूंचा वैदू-पुजारी. त्याच्या सगळ्याच गोष्टी निरुपद्रवी नाहीत. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. 2025 च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरीत 22 दिवसांच्या बाळाला असे 65 चटके दिल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. मी त्याचं समर्थन एक शब्दानेही करणार नाही. पण रात्री दोनला हाक मारली तर तो येतो, कोरकूत बोलतो, आणि उद्याही तिथेच असतो, हे तिन्ही खरं आहे. म्हणून तर अमरावती जिल्ह्यात प्रशासनानेच भूमकांना सोबत घ्यायचा प्रयत्न केला, आजारी पोर दवाखान्याकडे पाठव, तुला मोबदला देऊ म्हणून.

बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्ह्यांची गोष्ट सगळ्यांना थोडीफार माहीत आहे, 2019 चं पद्मश्री, एक-दोन रुपये फी. पण त्यातला मला महत्त्वाचा वाटतो तो भाग वेगळा. त्यांचं पहिलं बाळ जन्मल्यावर खूप आजारी झालं, न्यूमोनिया, मेंदूज्वर, रक्तात जंतुसंसर्ग. शहरात न्यायचं की नाही हा निर्णय डॉक्टरांनी स्मितावहिनींवर सोडला. त्यांनी ठरवलं, इथल्या पोरांवर जसा उपचार करतो तसाच इथेच करायचा. बाळ वाचलं, आणि त्यानंतर गावाची नजर बदलली. हे बरोबर केलं का, मी सांगू शकत नाही. माझं बाळ असतं तर मी नागपूर गाठलं असतं. पण लोक काय मोजतात ते यात दिसतं.

आता माझ्या धंद्याकडे येतो. भट्टीवरून परत येताना मी काकूला म्हटलं, "यावर ॲप पाहिजे." ती हसली. तिच्या फोनमध्ये आधीच पाच ॲप आहेत आणि स्टोरेज फुल्ल.

ॲप आहेतही. लसीकरणाचं यू-विन आहे, को-विनच्या धर्तीवर. देशात कुठेही लस दिली की नोंद एका जागी, क्यूआर कोडचं प्रमाणपत्र, पुढच्या डोसची आठवण एसएमएसने. राज्याच्या महिला व बालविकास विभागाची महा-एमटीएस आहे, स्थलांतर करणाऱ्या मातांचा-बालकांचा माग ठेवायला, म्हणजे अंगणवाडीचा आहार गाव बदललं तरी मिळावा. कल्पना चांगल्याच आहेत. इंजिनिअर म्हणून मला आवडतात. माणूस फिरतो तर नोंदही त्याच्यासोबत फिरायला हवी.

अडतं कुठे ते भट्टीवर दिसलं. नोंद मोबाइल नंबरला बांधलेली. त्या बाईचा नंबर कोणता? मुलीच्या कार्डावर होता तो मुकादमाचा, आणि तो मुकादम या वर्षी बदललेला. म्हणजे एसएमएस जातोय, पोहोचतोयही, पण अशा माणसाला ज्याला ही मुलगी कोण ते माहीतही नाही. घरात एक फोन, तो नवऱ्याकडे, सिम दर हंगामाला नवं, जिथे ऑफर असेल ते. आम्ही सॉफ्टवेअरवाले गृहीत धरतो की एक माणूस म्हणजे एक नंबर. भट्टीवर एक नंबर म्हणजे आठ कुटुंबं असतात.

समजा हेही सुटलं. सगळं बरोबर नोंदलं. स्क्रीनवर मला दिसेल की या मुलीचा पेंटाचा दुसरा डोस बाकी आहे. पण "कल आओगी?" याचं उत्तर स्क्रीन देत नाही. उलट नुसती यादी हातात घेऊन कोणी दारात आलं, नाव-गाव सगळं आधीच माहीत असलेलं, तर त्या बाईला ते पोलिसासारखंच वाटेल. माझ्यासारखे लोक डेटा नीट झाला की काम झालं असं धरतात. मीही धरत होतो.

तर त्या दिवशी पुढे काय झालं.

काकू म्हणाली, "येतो उद्या. परवा बी येतो." बाई म्हणाली, सुया किती? काकूने खरं सांगितलं, आज तीन. बाईने पोर आणखी घट्ट धरलं. तीन सुया ऐकून कोणीही धरेल. खरं तर एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी दोन-तीन लसी दिल्याने बाळाला धोका नसतो आणि फेरे वाचतात, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. काकू मातीत बसली. मोठ्या मुलाची मांडी बघायला मागितली. व्रण होता. काकू म्हणाली, "हे त्यांचं चुकलं. येऊन पाहाले पाह्यजे होतं." बस, एवढंच. सरकारी माणसाकडून "चुकलं" हा शब्द त्या बाईने पहिल्यांदा ऐकला असावा, कारण तिने काकूकडे नीट बघितलं ते त्यानंतर.

सिस्टर आली. बाटल्या दाखवल्या, थंड पेटी उघडून दाखवली. चार गोष्टी सांगितल्या, मी मोडक्या हिंदीत तीच पुन्हा सांगितली, बाजूच्या म्हातारीने कोरकूत सांगितली, तेव्हा ती खरी पोहोचली. तीन सुया झाल्या. पोर रडलं, थांबलं. पॅरासिटामॉलची बाटली दिली, किती द्यायचं त्याची खूण झाकणावर पेनाने केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गेली. त्यासाठी तिला एक रुपया मिळत नाही हेही सांगून ठेवतो. तिचा मोबदला पोराचं वर्षभराचं लसीकरण पूर्ण झालं की, आणि हे पोर तिच्या यादीत पूर्ण होणारच नाही, कारण ते होळीला निघून जाणार. पोराला ताप होता, थोडा. काकू तासभर बसली. बाईने तेवढ्या वेळात विटा पाडल्या, पोर काकूच्या मांडीवर. तिसऱ्या दिवशी ताप नव्हता. आठवड्याने गोवराच्या सुईचा ताप येतो का ते बघायला काकू पुन्हा गेली, आला नव्हता. त्या दिवशी भट्टीवरच्या आणखी चार बायांनी आपापली कार्डं काढून दाखवली. दोघींकडे कार्डंच नव्हती, नवी केली. एकीने तरीही नाही म्हटलं, आणि अजून नाहीच म्हटलंय.

फेब्रुवारीच्या सत्रात त्या मुलीला पेंटाचा तिसरा डोस झाला. होळीच्या आधी भट्टी रिकामी झाली. काकूने कार्डाच्या मागच्या बाजूला पेनाने आपला नंबर लिहिला आणि पुढची लस कधी त्याच्यासमोर दिवाळीचं चित्र काढलं, दिवा. सोळा महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर असतात. तारीख वाचता येत नाही, दिवाळी सगळ्यांना कळते. मी तोपर्यंत त्यांच्या फोनमध्ये रिमाइंडर लावायचा विचार करत होतो.

जुलैत काकूला अनोळखी नंबरवरून मिस कॉल आला. तिने उलटा लावला. धारणीकडून होता, आवाज तुटत होता. तीच बाई. तिकडच्या सिस्टर गावात आल्या आहेत, म्हणतात आज सुई घे. दिवा तर अजून आला नाही, मग घेऊ का नको, हे विचारायला फोन. काकूने बोटांवर महिने मोजले, सोळा पूर्ण झालेले. ती म्हणाली, "घे. आणि फोन दे त्या बाईकडं." मग दोघी बराच वेळ बोलल्या, कोणत्या मांडीला, आधी काय-काय झालं, उद्या पाहाले जासान का म्हणून. मी शेजारी बसून लॅपटॉपवर काम करत होतो. हो, येणाऱ्या दिवाळीत ती माणसं पुन्हा आमच्याकडे आली तर पुढचा भाग तिथूनच रेकॉर्ड करायचा विचार आहे, बाई हो म्हणाली तर.